त्रास होतोय म्हणजे डाएट लागू पडतंय असं नसतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या आरोग्य पुरवणीत गेले काही महिने भात-चपाती सोडून वजन उतरवलेल्यांचे आधीचे आणि नंतरचे फोटो येतायत. बघायला छान वाटतं आणि ते खोटे आहेत असं मला अजिबात म्हणायचं नाहीये, पण त्या दोन फोटोंच्या मधे जे पहिले दोन-तीन आठवडे असतात त्यांच्याबद्दल एक ओळ कधी नसते, आणि ते आठवडे आमच्यासारख्यांच्या काउंटरवर येऊन उभे राहतात. माझं दापोली तालुक्यात किनाऱ्याला मेडिकलचं दुकान आहे. भाऊ डोकं ठणकतंय गोळी द्या, भाऊ पोट साफ होत नाही काहीतरी द्या, रात्री पोटऱ्यांत वांब येतायत त्याला काय आहे का... आणि विचारलं की काय हो, खाण्यात काही बदल केलाय का, की उत्तर ठरलेलं, लो कार्ब (कार्ब म्हणजे भात-भाकरी-साखरेतलं कार्बोहायड्रेट, ते कमी खायचं) चालू केलंय, मुंबईहून भाच्याने सांगितलंय, नाहीतर मोबाईलवर कोच आहे. त्या कोचला हे त्रास सांगितले की तो म्हणतो अरे वा, चांगलं लक्षण आहे, शरीरातली घाण बाहेर पडतेय, सहन करा.

माझा राग ह्याच वाक्यावर आहे. घाणबिण काही बाहेर पडत नसते हो. भात-भाकरी एकदम तोडली की रक्तातलं इन्सुलिन खाली येतं, आणि इन्सुलिनचं एक काम असं की ते किडनीला मीठ धरून ठेवायला लावतं. ते कमी झालं की किडनी मीठ सोडायला लागते आणि मिठाच्या मागोमाग पाणी जातं. त्यात भर म्हणजे लिव्हरमधे आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून जो साखरेचा साठा असतो, माणसागणिक साधारण चारशे-पाचशे ग्रॅम, तो वापरला जातो आणि त्याच्या दर ग्रॅमला तीन एक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, तेही निघून जातं. म्हणजे पहिल्या आठवड्यात काटा जो दीड-दोन किलो खाली आलेला दिसतो, ज्याचे स्टेटस ठेवले जातात, त्यात बराचसा भाग पाण्याचा. चरबी नंतर उतरते, सावकाश. आणि गणपतीत अकरा मोदक हाणले की दुसऱ्या दिवशी काटा परत दीड किलो वर, मग घरात सुतक. तेही पाणीच असतं, रडू नका.

तर हे डोकं दुखणं, गळून जाणं, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, चिडचिड, पायात गोळे, ह्याला बाहेर कीटो फ्लू म्हणतात (कीटो म्हणजे कार्ब जवळजवळ बंदच करायचं डाएट) आणि त्याचं मोठं कारण हे मीठ-पाणी आहे. दोन-चार दिवसांत सुरू होतं, बहुतेकांचं आठवडाभरात बसतं. पण कोकणात ह्याला आणखी एक गोष्ट चिकटते ती म्हणजे आपली हवा. एप्रिल-मे मधे नुसतं ओटीवर बसलं तरी गंजी भिजते, घामातून मीठ आधीच चाललंय, वरून आपण सकाळची पेज बंद केली. पेजेबरोबर मीठ जायचं, लोणचं जायचं, भातावर कालवण जायचं, भात गेला की हे सगळं त्याच्यासोबत ताटातून गेलं आणि वर उकडलेली अंडी आणि काकडी आली, अळणी. हर्णै बंदरात बोटीवर जाणाऱ्या एका पोराचं असंच झालं, जाळं ओढताना चक्कर आली, बरोबरच्यांनी धरला म्हणून बरं. एसीत बसून काम करणाऱ्या माणसासाठी बनवलेला चार्ट खलाशाने जसाच्या तसा पाळायचा नसतो, आणि दिवसभर उन्हात पाटी घेऊन उभ्या राहणाऱ्या मासेवाल्या बायांनी पण.

आता उपाय काय, तर गंमत अशी की तो आपल्या घरात आहे. ज्यांना बीपी, हृदय, किडनीचा त्रास नाही त्यांनी पहिला आठवडा-दीड आठवडा ताकात चिमूटभर जास्त मीठ घालून प्यावं, नाहीतर तिवळ करावं. कोकमाचं आगळ मिठात केलेलं असतं, त्यात साखर नसते, पाण्यात घालून जिरं-मिरची लावली की झालं काम. फक्त आगळ आणि अमृत कोकम ह्यात गल्लत करू नका, अमृत कोकम म्हणजे निम्मी साखर, आणि मी स्वतः बघितलंय लोक ते बाटल्यांनी पितात, कोकमच आहे की म्हणून. सोलकढी पण चालते. माशाचं कालवण भात नसला तरी वाटीत घेऊन पिता येतं, त्यात कोणाला लाज वाटायचं कारण नाही. बांगडा, तारली, मांदेली ह्यात कार्ब जवळजवळ शून्य, तेव्हा आपल्याइतकं सोपं हे डाएट घाटावरच्यांना पण नाही. खारवलेला बांगडा मात्र जपून, त्यात मीठ फार, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते हे पण विसरून चालत नाही.

शहाळ्याबद्दल एक. पायात गोळे आले की सगळे शहाळ्याकडे धावतात. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, एकात पाचशे मिलिग्रॅमच्या आसपास, पण सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य भाग, त्या मानाने कमी आणि थोडी साखरही असते, म्हणजे गेलेलं मीठ नुसत्या शहाळ्याने भरून येत नाही. आणि ज्यांना बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा त्या जातीची गोळी चालू आहे किंवा किडनी नाजूक आहे त्यांनी रोज दोन-दोन शहाळी आणि वर ते लो सोडियम मीठ हा प्रयोग करूच नये. लो सोडियम मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, ती गोळी पण पोटॅशियम वाढवते, आणि पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. ओआरएस पण विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या फॉर्म्युल्याच्या एक लिटरच्या पुडीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साखरच, असतं, ते कळूनसवरून घ्यावं, जुलाब-उलट्यांसाठी ते अमृतच आहे. पण खोक्यातली गोड सरबतं ओआरएस नाव लावून विकली जात होती त्यांच्यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मधे ते नाव वापरायची बंदी घातली ते फार बरं केलं, गिऱ्हाईकाला समजावून माझा घसा बसायचा.

पोट साफ न होणं ही दुसरी मोठी तक्रार, आणि ह्यात लोक बोलायला लाजतात म्हणून आठवडा आठवडा काढतात. भाकरी गेली, आमटी-उसळ गेली, फळं गेली, ताटात अंडी, चिकन आणि पनीर, मग चोथा येणार कुठून. पावसाळ्यात टाकळा, फोडशी, कुड्याच्या शेंगा, बाकी दिवसांत शेवग्याचा पाला, लाल माठ, पडवळ, शिराळी, दुधी, ह्यात कार्ब कमी आणि परसात फुकट, पण चार्टमधे ब्रोकोली लिहिलेली असते म्हणून लोक दापोलीच्या बाजारात ब्रोकोली शोधत फिरतात! ओल्या खोबऱ्यात पण चोथा चांगला असतो. इसबगोल घ्या हवं तर, पण त्यावर पाणी ढोसा, पाणी कमी पडलं तर ते उलट आतमधे अडून बसतं. काहींचं ह्याच्या बरोबर उलट होतं, कॉफीत लोणी आणि खोबरेल तेल घालून पितात आणि दिवसभर पळापळ. एवढं तेल एकदम कोणाच्याही पोटाला झेपत नाही, आणि पित्ताशयात खडे असतील तर बरगडीखाली अशी कळ येते की विचारू नका.

तोंडाला वास येतो तो ॲसिटोनचा, नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा, काही आठवड्यांत कमी होतो, तोवर पाणी प्या आणि वेलची चघळा. केस गळतात ते दोन-तीन महिन्यांनी, भराभर वजन उतरल्यामुळे आणि प्रोटीन कमी खाल्ल्यामुळे, बहुतेकांचे परत येतात. ह्या दोन्हीवर महागडी गोळी घेऊ नका, मी विकणारा असून सांगतोय.

आणि नाचणी. नाचणी चांगली, कॅल्शियम चांगलं, पण ती लो कार्ब नव्हे. शंभर ग्रॅम पिठात सत्तरच्या आसपास कार्ब असतात, तांदळापेक्षा थोडीच कमी. ज्यांना फार त्रास होतो त्यांनी एकदम शून्यावर यायचा हट्ट सोडावा हे मी सगळ्यांना सांगतो. दीडशे ग्रॅमची वाटीभर भात म्हणजे चाळीस-बेचाळीस ग्रॅम कार्ब. कीटो म्हणजे दिवसाला पन्नासच्या आत, पण एकशे तीसच्या आत असलं तरी त्याला लो कार्बच म्हणतात. दुपारची एक वाटी ठेवून रात्रीची काढली, पंधरा दिवसांनी पुढचं बघितलं, तर निम्मे त्रास होतच नाहीत. वजन जरा हळू उतरेल, उतरू दे की, कुठली गाडी चुकतेय.

पण हे पत्र लिहायचं खरं कारण ह्याच्या पुढचं आहे. हे डाएट निरोगी पोरं कमी करतात, शुगर-बीपीवाले जास्त करतात. २०२३ मधे आलेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पाहणीत देशात १० कोटींवर लोकांना डायबेटिस निघाला, आणि सगळ्यात जास्त प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, म्हणजे आपल्याच किनाऱ्याच्या खालच्या अंगाला, आपल्यासारखंच मासे-भात खाणारी माणसं. तेव्हा ज्याच्या खिशात आधीच स्ट्रिप आहे असाच माणूस भात सोडतो, आणि गोळ्या तशाच चालू ठेवतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारखी गोळी तुम्ही जेवला की नाही हे बघत नाही, ती साखर खाली ढकलतच राहते. मग हात थरथरतात, दरदरून घाम, भूक, डोळ्यांना धूसर, आणि माणूस म्हणतो कोच बोललाच होता, घाण बाहेर पडतेय. अरे घाण नाही, शुगर सत्तरच्या खाली गेलीय तुझी! अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायची, डाएट मोडलं म्हणून त्या वेळी हळहळायचं नाही. बीपीचं तसंच, मीठ-पाणी गेल्याने बीपी आपोआप उतरतं, गोळीचा डोस तोच राहिला तर अंगणात उठून उभं राहिलं की माणूस आडवा. डोस कमी करायचा तो डॉक्टरने, आपल्या मनाने अर्धी तोडून नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे तिसरी जात, डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन, ह्या पण शुगरच्याच गोळ्या. डॅपाचं पेटंट आपल्याकडे २०२० मधे संपलं, एम्पाचं मार्च २०२५ मधे, तेव्हापासून स्वस्त झाल्या आणि भरपूर लिहिल्या जातात, गोळ्या चांगल्याच आहेत, हृदयाला आणि किडनीला पण. पण त्या लघवीवाटे साखर बाहेर काढतात, आणि त्यात भात बंद केला, उपास केला, उलट्या झाल्या की रक्तात ॲसिड साठायचा धोका असतो, कीटोॲसिडोसिस म्हणतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, ह्याबद्दल मे २०१५ मधेच इशारा दिलेला आहे. ह्यातली फसवणूक अशी की मशीनवर शुगर दीडशे-दोनशे, कधी त्याहून कमी दिसते, त्यामुळे घरचे म्हणतात शुगर तर बरी आहे, पित्त झालं असेल, आणि सरबत पाजत बसतात. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, धाप लागल्यासारखा खोल श्वास, कमालीचा थकवा, असं असेल आणि ही गोळी चालू असेल तर मशीन काहीही दाखवो, गाडी काढायची आणि हॉस्पिटल गाठायचं, गोळीची स्ट्रिप सोबत घेऊन. आमच्याकडून मोठं हॉस्पिटल किती लांब आहे ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको, म्हणून सकाळपर्यंत वाट बघू हे परवडत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी तर हे डाएट डॉक्टरला विचारल्याशिवाय सुरूच करू नये.

डॉ. दीक्षितांचं दोनदाच जेवायचं डाएट का ऋजुता दिवेकरांचं थोडं थोडं खायचं, ह्यावर आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत वाद झालेत, मला त्यात पडायचं नाही, आणि लो कार्बने शुगर चांगली उतरलेली माणसं पण माझी गिऱ्हाईकं आहेत, त्यांच्या गोळ्या कमी झाल्या, माझा धंदा कमी झाला, आनंदच आहे. तुमच्याकडे मागणं एवढंच की असा लेख छापताना त्याच पानावर एक चौकट द्या, कुठल्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरला विचारायचं आणि कुठल्या लक्षणाला थांबायचं नाही, गोळ्यांची नावं मराठीत, मोठ्या अक्षरात, कारण स्ट्रिपवरचं बारीक इंग्रजी आमच्या आजी-आजोबांना वाचता येत नाही आणि पेपर मात्र ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात. जागा कमी पडत असेल तर त्या आठवड्यात एक फोटो कमी छापा.

आपला,
एक औषध दुकानदार
ता. दापोली, जि. रत्नागिरी