आण्णांना पुढच्या सीटवर बसवलंत म्हणून

डेप्युटी साहेब,

तुम्हाला मराठी येत नाही, पण इंग्रजीत लिहायला बसलं की नुसतं थँक यू थँक यू होतं, म्हणून मराठीतच लिहितेय, आपली माणसं तरी वाचतील.

मंगळवारी आण्णा घरातून निघून गेले. वय ७९, साताऱ्याहून आमच्याकडे अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या ॲशबर्नला आलेत, हल्ली विसरायला होतं त्यांना. आधी ज्यांना फोन केला (नाव घेत नाही, पण दर महिन्याला पैसे भरतो आम्ही त्यांना) ते म्हणाले मोठा माणूस आहे, येईल परत, आणि फोन ठेवला. राग अजून गेलेला नाही माझा. मग ९११ लावला आणि तुम्ही आलात. ॲशबर्नला स्वतःचे पोलीस नाहीत, इथे लाउडन काउंटीत आमचे पोलीस म्हणजे शेरीफचंच ऑफिस, शेजारच्या फेअरफॅक्सला मात्र पोलीस वेगळे आणि शेरीफकडे जेल नि कोर्टाची सुरक्षा, हे इतकी वर्षं राहून मला माहीत नव्हतं. शेरीफ म्हणजे दर चार वर्षांनी निवडणुकीला रस्त्याकडेला लागणाऱ्या पाट्या, एवढंच.

आण्णा तुम्हाला डब्ल्यू अँड ओडी ट्रेलवर (चालायच्या-सायकलच्या वाटेवर) सापडले, बाकावर बसून एसटीची वाट बघत होते. मी धापा टाकत पोचले, आमची गाडी घेऊन नवरा भलतीकडेच शोधत होता. तुम्ही तुमच्या गाडीचं मागचं दार उघडलंत, आतली जाळी दिसली आणि आण्णांनी हात जोडले, "साहेब, मी काय केलं नाही हो." जन्मात पोलीस स्टेशनची पायरी न चढलेला माणूस. तुम्हाला शब्द कळला नसेल पण चेहरा कळला. दार लावलंत, पुढच्या सीटवरची तुमची बॅग, डबा, कागद सगळं उचललंत, त्यांना पुढे बसवलंत, बेल्ट स्वतः लावलात. जाळीच्या मागे मी बसले.

असं कुणी शिकवत नसणार, ते आतूनच यावं लागतं, आणि असा माणूस वर्दीत भेटला की परका देश परका वाटत नाही.

जाताना प्रोजेक्ट लाइफसेव्हरचं सांगितलंत ते बरं झालं. मनगटावर ट्रान्समीटर बांधतात, माणूस हरवला तर त्यावरून शोधतात, १९९९ साली आपल्या व्हर्जिनियातच चेसापीकला सुरू झालंय. ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांनी नक्की विचारा.

आण्णांना त्या दिवसातलं फारसं आठवत नाही. पण काल काकांना फोनवर सांगत होते, "साहेबांनी पुढं बसवून आणलं मला."