वाचनालयाच्या डेटाबेससाठी धावून आलेल्या ताईंना

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

आपले नाव कोठेही येऊ नये असे आपण निक्षून सांगितले होते, म्हणून हे पत्र नावाविना लिहीत आहे. परंतु आपण आमच्या सांगलीच्या वाचनालयासाठी जे केले, ते फोनवर दोन शब्द बोलून संपवणे मला बरे वाटले नाही. शिवाय आमच्यासारख्या इतर संस्थांनाही त्याचा उपयोग होईल, म्हणून ते सर्वांसमोर मांडत आहे.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले, तेव्हा सभासदांची, वर्गणीची आणि पुस्तकांच्या देवघेवीची सारी नोंद ज्यात होती तो आमचा एकमेव संगणक कार्यकर्त्यांनी हातोहात माडीवर नेला, आणि केवळ त्यामुळे ती नोंद वाचली. पुढे प्रत्येक पावसाळ्यात तीच धास्ती असे. डेटाबेस क्लाउडवर न्यायचा असे कार्यकारी मंडळाने अखेर ठरवले, पण तो न्यायचा कसा हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. आपण स्वतःची नोकरी सांभाळून सलग चार रविवार आमच्यासाठी दिले.

अ‍ॅमेझॉन आरडीएस या भाड्याने डेटाबेस चालवून देणाऱ्या क्लाउड सेवेच्या मुंबई रीजनमध्ये (मुंबई परिसरातील तिच्या केंद्रांत) पोस्टग्रेस या प्रणालीचा डेटाबेस उभा करणे हे तसे अर्ध्या तासाचे काम आहे. आपण मात्र पडद्यावरचा प्रत्येक पर्याय मला मोठ्याने वाचायला लावला आणि त्याचा परिणाम समजल्याशिवाय पुढे जाऊ दिले नाही. एन्क्रिप्शन (माहिती सांकेतिक रूपात साठवणे) डेटाबेस तयार करतानाच निवडावे लागते. नंतर हवे झाल्यास स्नॅपशॉटची (त्या क्षणी टिपलेल्या पूर्ण डेटाबेसची) एन्क्रिप्टेड प्रत काढून तिच्यातून नवा डेटाबेस उभारावा लागतो. साठवणुकीची जागा वाढवता येते पण त्याच डेटाबेसवर थेट कमी करता येत नाही, म्हणून आपण 20 जीबीपासूनच सुरुवात करायला लावली. इंटरनेटवरून थेट प्रवेश बंद ठेवला आणि 5432 हे पोर्ट (डेटाबेसशी जोडणीचे दार) फक्त आमच्या ॲप्लिकेशनच्या सर्व्हरसाठी उघडले. बॅकअपची वेळ तेथे यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) द्यावी लागते, म्हणून भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून आपण 20:00 ही वेळ भरायला सांगितली, म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे दीड. ते साडेपाच तास मी वहीत लाल शाईने लिहून ठेवले आहेत.

दुसऱ्या अव्हेलेबिलिटी झोनमध्ये (त्याच रीजनमधील स्वतंत्र केंद्रात) आयती उभी राहणारी प्रत घ्यावी असा मंडळाचा आग्रह होता. त्यावर आपण जे समजावले ते मला फार मोलाचे वाटते. एक झोन बंद पडला तर ती प्रत साधारण एक-दोन मिनिटांत काम हाती घेते, पण चुकीची आज्ञा दिली गेली तर ती चूकही त्याच क्षणी त्या प्रतीत उतरते. आणि या सोयीपायी खर्च जवळजवळ दुप्पट होतो. वाचनालय तासभर बंद राहिले तरी चालेल, नोंदी मात्र जाता कामा नयेत, तेव्हा बॅकअप 35 दिवस ठेवा, असे आपण सुचवले. एवढ्यावर न थांबता, वापर सुरू होण्याआधी त्या बॅकअपमधून डेटाबेस पुन्हा उभा करण्याची तालीम आपण माझ्याकडून करून घेतली. तेव्हा ती मला अनावश्यक वाटली होती, हे आज मोकळेपणाने कबूल करतो.

तिसऱ्याच महिन्यात, एका संध्याकाळी, एका सभासदाची वर्गणीची मुदत दुरुस्त करताना माझ्या हातून अपडेटच्या आज्ञेत, बदल कोणत्या सभासदापुरता हे सांगणारी व्हेअरची अट राहून गेली. क्षणात सर्व सभासदांची मुदत एकाच तारखेची झाली. घड्याळात सहा वाजून बारा मिनिटे झाली होती आणि काउंटरवर ग्रंथपालबाई पुस्तके देत-घेत होत्या. माझे हात थरथरत होते, पण पुढे काय करायचे ते मला माहीत होते, कारण ते मी एकदा केलेले होते. जुन्या क्षणाचा डेटाबेस मागितला की आरडीएस चालू डेटाबेसला हात लावत नाही, तर शेजारी नवा उभा करते, आणि मागे जाण्यासाठी मिळणारा सर्वांत अलीकडचा क्षण सुमारे पाच मिनिटांपूर्वीचा असतो, हे मला तालमीतच कळले होते. म्हणून थोडे थांबलो आणि सहा वाजून दहा मिनिटांची स्थिती मागितली. नवा डेटाबेस तयार झाल्यावर त्याला आमचा सिक्युरिटी ग्रुप (कोणाला जोडू द्यायचे याचे नियम) स्वतः लावला. तालमीत हाच ग्रुप न लावल्यामुळे जोडणी होत नव्हती, आणि आपण काही न सांगता मला कारण शोधू दिले होते. त्यातून फक्त सभासदांचा टेबल पीजी-डंप या प्रत काढण्याच्या साधनाने काढला, चालू डेटाबेसमध्ये वेगळ्या नावाने ठेवला आणि सभासद क्रमांकावरून प्रत्येकाची मुदत पूर्ववत केली. दरम्यान काउंटरवर झालेली देवघेव जशीच्या तशी राहिली. आठ वाजता वाचनालय बंद होण्यापूर्वी सारे जागेवर आले होते.

त्या रात्री मी आपल्याला फोन केला, तेव्हा आपण प्रथम 'घाबरला नाहीत ना?' असे विचारले आणि मगच तो तात्पुरता डेटाबेस काढून टाकण्याची आठवण केली, कारण त्याचे भाडे चालू होते. ते पहिले वाक्य मी कधीही विसरणार नाही. आपण सारे काम स्वतः करून दिले असते, तर ते एका रविवारी उरकले असते. आपण चार रविवार खर्चून ते माझ्या हातात दिले, याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे.

आता दर तीन महिन्यांनी आम्ही ती तालीम करतो आणि किती वेळ लागला ते वहीत लिहितो. पुढची तालीम ग्रंथपालबाई करणार आहेत. त्या दिवशी आपण सांगलीला यावे, अशी मंडळाची आणि माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला नम्र,
वाचनालयाचा संगणक विभाग सांभाळणारा कार्यकर्ता