आई-बाबा, मी फेब्रुवारीतच येणार

प्रिय आई आणि बाबा,

सोमवारी फोनवर नीट बोलणंच झालं नाही. आई, तू सारखी "आम्ही मजेत आहोत" म्हणत होतीस आणि बाबांनी कॅमेरा काही स्वतःकडे वळवला नाही. म्हणून लिहितेय. आधी मुख्य ते सांगून टाकते, नाहीतर पानं भरतील आणि तेच राहून जाईल. मी आत्ता येत नाहीये. ठरल्याप्रमाणे इथे फिलिपिन्समध्ये लॅटर-डे सेंट्स चर्चच्या मिशनरी सेवेचे अठरा महिने पूर्ण करून फेब्रुवारीतच येणार.

रागावू नका ना. बाबांची अँजिओप्लास्टी झाली हे मला आठ दिवसांनी कळलं, दादा म्हणाला तिकडे एकटीला टेन्शन नको म्हणून नाही सांगितलं. त्याचा खूप राग आला होता, आता नाही. पण मी इथे एकटी नसते हो, आमचा नियमच आहे की कंपॅनियन, म्हणजे जोडीदार मिशनरी, सतत सोबत हवी. त्या रात्री ती माझ्या शेजारी फरशीवर बसून राहिली, तिला मराठीचा एक शब्द कळत नाही तरी मी मराठीतच रडत होते आणि ती हो हो करत होती.

दुसऱ्या दिवशी मिशन प्रेसिडेंटशी, म्हणजे आमच्या इथल्या प्रमुखांशी, बोलले. ते म्हणाले घरी जायचं असेल तर आजच तिकीट बघतो, कोणी तुला काही कमी समजणार नाही. म्हणजे मला कोणी अडवलेलं नाही, काकांना हे नक्की सांगा. मी एक दिवस उपवास केला, प्रार्थना केली, दादाला तीनदा फोन करून डॉक्टर काय म्हणाले ते शब्दन् शब्द विचारलं. दोन स्टेंट टाकलेत, बाकी ठीक आहे, पथ्य आणि गोळ्या. दादा-वहिनी तिथेच आहेत. मी येऊन काय केलं असतं, शेजारी बसले असते आणि तुम्ही दोघं मलाच जेवलीस का विचारत राहिला असता. आणि बाबा, माझी नगरची संधी गेली ते तुम्ही अजून मनाला लावून घेता ना, की माझ्यामुळे हिचं राहिलं? तसं दुसऱ्यांदा व्हायला नको होतं मला.

पण कारणं कितीही दिली तरी खरं हे आहे की मला इथे राहायचंय. हे लिहिताना हात जड होतोय.

इथलं सांगते म्हणजे तुमची काळजी कमी होईल. सकाळी साडेसहाला उठतो, व्यायाम, मग अभ्यास, थोडा इथल्या सेबुआनो भाषेचा, मग दिवसभर पायी नाहीतर ट्रायसिकलने, म्हणजे इथल्या रिक्षाने, घरोघरी. रात्री साडेदहाला दिवे बंद, बाबांच्या बातम्या संपायच्या आत मी झोपलेली असते! कोणाच्या फाटकाशी गेलं की इथे "आयो!" अशी हाक मारतात, कोणी आहे का घरात असं. दिवसातून पन्नासदा आयो म्हणते मी आणि आई, प्रत्येक वेळी तुझीच आठवण येते.

पिण्याचं पाणी शुद्ध केलेलं, मोठ्या कॅनमधून येतं. रात्री मच्छरदाणी लावतो. आम्हा सिस्टर्सना, म्हणजे मिशनरी मुलींना, 2018 पासून पँट घालायला परवानगी आहे, त्यामुळे डासांचं भय कमी. जेवायला तिन्ही त्रिकाळ भात, मासे, आणि मोंगो म्हणजे आपले मूगच. शेवग्याचा पाला इथे कामुंगाय म्हणून सगळ्या सुपात घालतात. तू बळेच खायला घालायचीस तेव्हा मी ताटाखाली लपवायचे, आता मागून घेते. डुकराचं नको म्हणते, कोणी वाईट मानत नाही. परवा एका घरी मटणाच्या रश्श्यासारखं काहीतरी उकळत होतं आणि त्यात गवती चहा. टांगलाड म्हणतात इथे. मी चर्चमुळे चहा सोडला तेव्हा तू काही न बोलता पावडर न घालता गवती चहा आणि आलं उकळून माझ्यासमोर ठेवायला लागलीस. तेव्हा मी तुला थँक्यू म्हटलं नव्हतं. आज म्हणते.

इथे मोठ्यांचा हात घेऊन कपाळाला लावतात, मानो म्हणतात. ज्या आजींना दिसत नाही म्हणून मी वाचून दाखवते त्यांचा हात लावला की वाटतं तुमच्याच पाया पडतेय. आणि बाबा, मला इथे कोणी नावाने हाक मारत नाही, आडनावानेच. छातीवरच्या काळ्या पाटीवर वर तुमचं आडनाव, खाली चर्चचं नाव. तुम्हाला वाटलं ना की पोरगी आपलं सगळं टाकून गेली? तुमचंच नाव लावून फिरते हो मी रोज.

तुम्ही घेऊन दिलेले बूट सप्टेंबरात फाटले, पण कारकार नावाच्या गावात बूट-चपला बनवतात, आपल्या कोल्हापूरसारखं, तिथून नवे घेतले. जुने टाकले नाहीत.

आता ऐका. बाबा, बरं वाटतंय म्हणून रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टर सांगतील तोपर्यंत रोज. एक डोससुद्धा चुकवायचा नाही. स्कूटर सध्या दादाकडे. पर्वती चढायची नाही, सोसायटीतच फेऱ्या मारा. लोणच्याची बरणी वरच्या फळीवर. आई, तू त्यांच्यासाठी एक आणि स्वतःसाठी दुसरं करत बसू नकोस, सगळ्यांनाच कमी मीठ. आणि तुझ्या संकष्ट्या बाबांच्या धावपळीत उपाशी काढू नकोस, साबुदाणा नको तर दूध-फळं घे. उपवास मीही करते, महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचं जेवण सोडतो आणि ते पैसे गरजूंना देतो, त्यामुळे मला कळतं चक्कर कधी येते ते. मेडिक्लेमची फाईल कपाटात डाव्या हाताला, निळी, दादाला दे.

गणपतीत नव्हते, दिवाळीतही नसेन. इथे सप्टेंबरपासूनच ख्रिसमसची गाणी सुरू झालीत, दुकानात गेलं की आपल्या घरातल्या लाइटच्या माळा आठवतात.

पूर्वी मिशनऱ्यांना वर्षातून दोनदाच घरी फोन करता यायचा, ख्रिसमसला आणि मदर्स डेला. 2019 पासून दर आठवड्याला करता येतो. येत्या सोमवारी तुमचे सकाळी आठ वाजता करते, माझे साडेदहा. आई, बाबांना शेजारी बसव आणि फोन आडवा धर, म्हणजे दोघंही दिसाल.

तुमची,
बाळी