ट्रेलर झुलतो त्याबद्दल

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ताशी ऐंशीच्या पुढे गेलं की मागचा ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागतो, स्टिअरिंग हातात गार पडल्यासारखं वाटतं, आणि दुकानदार म्हणतो झोका रोखणारा बार बसवून घ्या. घेऊ का, असं तू विचारलंस. माझं उत्तर, आत्ता नको. आधी वजन करून घे.

एकूण वजन गाडीच्या मर्यादेत आहे, हे तू दोनदा लिहिलंस. चांगलंच आहे, पण ते वजन कुठे बसलंय याबद्दल पत्रात एक अक्षर नाही, आणि सगळी गोम तिथेच असते. पिकअपच्या बॉलवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्यावर, ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार यायला हवा. ट्रेलर मालासकट 3000 किलोचा असेल तर बॉलवर 300 ते 450 किलो. त्याहून कमी झाला की ट्रेलरची शेपटी जड होते आणि तीच गाडीला हाकायला लागते. युरोपात कॅरव्हॅनवाले 5 ते 7 टक्क्यांवर चालवतात असं कोणी सांगेल. तिकडच्या गाड्या, ट्रेलर आणि वेगमर्यादा सगळंच निराळं, ते आकडे तू धरू नकोस.

वजनकाट्यावर हे काम दहा मिनिटांचं आहे. ट्रेलर सोडून एकटा काट्यावर उभा कर, तो झाला एकूण आकडा. मग गाडीला जोड आणि फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर ठेव, गाडी काट्याबाहेर. दोन आकड्यांतला फरक म्हणजे बॉलवरचा भार. दोन्ही वेळा ट्रेलर सपाट हवा. काटा जवळ नसेल तर घरचा माणसं मोजायचा काटाही चालतो. एक मजबूत फळी घे, एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, मध्ये तीन फूट अंतर. ट्रेलरचं नाक विटेपासून एक फुटावर टेकव आणि काट्याचा आकडा तीनने गुण. फळीचं स्वतःचं वजन काट्यावर आधीच दिसेल, ते गुणण्याआधी वजा करायचं. 400 किलोसाठी काटा 133 दाखवेल, म्हणजे साधा काटा पुरतो. ट्रेलरच्या चाकांना मात्र पुढून-मागून ओंडके लाव.

आता तुझा तो छोटा एक्स्कॅव्हेटर. बूम, म्हणजे त्याचा लांब हात, पुढे करून चढवलास की डोळ्यांना वाटतं भार पुढे आहे. पण तोल साधणारं त्याचं वजन, काउंटरवेट, केबिनच्या मागे, म्हणजे खरा जडपणा मागेच. मशीन 1800 किलोचं धर, आणि बॉलपासून ट्रेलरच्या दोन्ही एक्सलच्या मध्यापर्यंत 4 मीटर. मशीन नुसतं 25 सेंटीमीटर पुढे घेतलंस तर बॉलवर 112 किलो वाढतात. वीतभर सरकवण्याचा एवढा परिणाम! म्हणून अंदाजपंचे नको. काट्यावर मनासारखा आकडा आला की ट्रॅक जिथे थांबला तिथे ट्रेलरच्या तळावर रंगाची रेघ मार. पुढच्या वेळी दुसरा कोणी चढवेल तरी मशीन जागेवरच बसेल.

सुट्या बकेट मागच्या टोकाला टाकायची सवय सगळ्यांनाच असते, कारण उतरवायला सोपं. ती मोड. मागे बकेट आणि तोल साधायला पुढे डिझेलचा ड्रम, असं केलं तर बॉलवरचा आकडा अगदी पुस्तकी येईल आणि ट्रेलर तरीही झुलेल. टोकांना वजन असलं की एकदा सुरू झालेला झोका आवरणं अवघड जातं, आणि इथे अंतराचा वर्ग लागू होतो. एक्सलपासून 3 मीटरवरची बकेट, 1 मीटरवरच्या त्याच बकेटच्या नऊपट त्रास देते. जड ते एक्सलच्या आसपास, किंचित पुढे, एवढं धरून चाल.

भार जास्त झाला तरी बरं नाही. गाडीचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग ढिलं पडतं. शिवाय बॉलवरचे 400 किलो गाडीच्या पेलोडमध्येच, म्हणजे तिने स्वतःवर वाहायच्या वजनातच, मोजले जातात. तू, मदतनीस, केबिनमधली हत्यारं, खुद्द हिच (ट्रेलर जोडायचा सांगाडा), सगळं मिळून तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या पट्टीवर लिहिलेल्या मर्यादेत बसायला हवा. ट्रेलर मस्त ओढतो पण पेलोड केव्हाच ओलांडलाय, अशा पिकअप रस्त्यावर कितीतरी दिसतात.

टायर. ट्रेलरच्या टायरमध्ये थंड असताना, पूर्ण भाराला, कडेवर लिहिलेली कमाल हवा भर. पिकअपच्या मागच्या टायरकडे मात्र कोणाचं लक्ष जात नाही. ते मऊ असले की त्यांच्या भिंती वाकतात आणि गाडीचं बूडच आडवं हलतं, मग ट्रेलरला दोष देऊन काय उपयोग? बॉल कपलरच्या, म्हणजे त्यावर बसणाऱ्या ट्रेलरच्या वाटीच्या, मापाचा आहे ना, चाकांच्या बेअरिंगमध्ये ढिलाई नाही ना, स्प्रिंगच्या पाट्यांचे बोल्ट घट्ट आहेत ना, तेही एकदा बघ. ट्रेलर सपाट किंवा नाकाशी थोडा खाली असावा, वर कधीच नको.

बारबद्दल तू विचारलंस म्हणून लिहितो. भार वाटून देणारी हिच बॉलवरचा काही भार पुढच्या एक्सलवर आणि ट्रेलरच्या चाकांवर ढकलते. बसलेली गाडी त्याने सरळ होते, पण झुलणं थांबवणं हे तिचं मूळ काम नाही. झोका रोखणारा घर्षणाचा बार गाडी-ट्रेलरच्या सांध्याला वळताना अडवतो, ओला झाला की पकड कमी होते, आणि रिव्हर्स घेताना बरेचसे काढून ठेवावे लागतात. चुकीच्या भरलेल्या ट्रेलरला तो फक्त थोडा वेळ गप्प बसवतो, आणि तुला वाटतं सगळं ठीक झालं. हाच त्यातला धोका. खरा फरक पडतो तो फिफ्थ व्हील नावाच्या जोडणीत, कारण तिथे सांधा गाडीच्या मागच्या एक्सलच्या डोक्यावर असतो. आपल्या बॉलचा सांधा एक्सलच्या मागे मीटर-सव्वा मीटर, तेवढा दांडा ट्रेलरला गाडी फिरवायला आयता मिळतो.

आणि वेग. गाडी-ट्रेलरच्या प्रत्येक जोडीचा एक वेग असतो. त्याच्या खाली धक्का बसला तर झोके आपोआप विरतात, त्याच्या वर प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो. नीट भरलेल्या ट्रेलरचा तो वेग इतका वर जातो की तुझी कधी गाठच पडत नाही. मोठा ट्रक बाजूने जाताना हवेचा जो लोट येतो, तो नुसता पहिला धक्का. उतारावर जास्त जपायचं, कारण तिथे ट्रेलर मागून ढकलत असतो. बऱ्याच ट्रेलर टायरची स्वतःची मर्यादा ताशी 105 किलोमीटरची असते, हेही लक्षात ठेव.

झुललाच तर? स्टिअरिंग सरळ धरून ठेव, झोक्यामागे फिरवू नकोस. ॲक्सिलरेटरवरून पाय काढ, गाडीच्या ब्रेकला हात नाही की पाय नाही. ब्रेक कंट्रोलरचा (केबिनमधून ट्रेलरचे ब्रेक चालवणारा डबा) हाताचा खटका दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लाव, ट्रेलर मागून ताणला जातो आणि रांगेत येतो. गॅस दे म्हणजे सरळ होईल, असं ठासून सांगणारे भेटतील. क्षणभर सरळ होतोही, पण वाढलेल्या वेगात पुढचा झोका आला की तुझ्याकडे करण्यासारखं काही उरत नाही. तुझ्या गाडीत झोका ओळखून एकेक चाक ब्रेक करणारी यंत्रणा असेलच. ती बंद करू नकोस, पण तिच्या जिवावर ट्रेलर भरूही नकोस.

तो खटका मात्र न बघता हाताला सापडला पाहिजे. मोकळ्या सरळ रस्त्यावर ताशी 30-40 ने जाताना दाबून बघ. ट्रेलरची चाकं अगदी अडकायच्या बेतात येईपर्यंत गेन, म्हणजे कंट्रोलरवरचा ब्रेकचा जोर, वाढव, मग एक पायरी मागे घे. हे भरलेल्या ट्रेलरसाठी. मशीन उतरवून रिकामा परत आणताना गेन कमी करायचा, नाहीतर रिकाम्या ट्रेलरची चाकं जाम होऊन टायर घासत येतील.

काट्यावरचे दोन्ही आकडे आणि ट्रेलरच्या एक्सलपासून बॉलचं अंतर कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुधीर