मोहिते ट्रॅकच्या आठवणी: येत्या रविवारी जमायचं आहे

सर्व सभासदांना नमस्कार.

कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग ट्रॅकवर आपल्यापैकी कुणी कार्ट (शर्यतीची छोटी, उघडी गाडी) पळवली, कुणी टायर बदलले, कुणी उन्हात उभं राहून लॅपचे सेकंद टिपले. हे सगळं एका जागी जमवायचं ठरलं आहे.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता, उद्यमनगरात आपल्या नेहमीच्या गॅरेजमध्ये.

• जुने फोटो, वेळेच्या चिठ्ठ्या, पास, हेल्मेट, हातमोजे जे असेल ते आणा. फोटो तिथेच स्कॅन करून लगेच परत देऊ.
• फोटोमागे साल आणि नावं पेन्सिलनेच लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.
• ज्यांनी १२५ सीसीच्या रोटॅक्स इंजिनची कार्ट चालवली, त्यांनी तो अनुभव जरूर सांगावा. कार्टला सस्पेन्शन नसतं, खड्डा थेट बरगडीला कळतो. दुसऱ्या दिवशी मनगटं वळायची नाहीत, हे नव्या पोरांना त्यांच्याच तोंडून ऐकू दे.
• मेकॅनिक मंडळींनी मागं राहू नये. स्प्रॉकेटचा (चेन फिरते त्या दातेरी चाकाचा) एक दात कमी-जास्त करून सरळ पट्ट्यावरचा वेग कसा मिळवायचा, ही विद्या त्यांच्याच हातात होती. माझ्या मते खरा इतिहास तिथंच आहे.
• चेन्नईजवळ शोलावरमच्या धावपट्टीवरच्या शर्यती पाहिलेले थोरले सभासद असतील, तर त्यांना घरून आणायची सोय करू.

गॅरेजसमोर गाड्यांची इंजिनं घुमवू नयेत, शेजारी वस्ती आहे. मिसळीचा अंदाज लागतो, म्हणून येणाऱ्यांनी शुक्रवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर नाव टाकावं.