वरिष्ठ सभागृहातील शब्दांचे मोल

महोदय,

वरिष्ठ सभागृहाची गरजच काय, हा प्रश्न आपल्याकडे विधान परिषदेसंदर्भात वारंवार विचारला जातो, तेव्हा मला ऑस्ट्रेलियाचे सिनेटर नेव्हिल बॉनर आठवतात. क्वीन्सलँडमधून 1971 मध्ये सिनेटमध्ये आलेले बॉनर हे तेथील संघीय संसदेतील पहिले आदिवासी सदस्य. शालेय शिक्षण जेमतेम वर्षभराचे, आयुष्य मजुरीत आणि सुतारकामात गेलेले. परंतु 1788 मध्ये ब्रिटिशांचे जहाजी ताफे येण्यापूर्वी संपूर्ण देश मूळ रहिवाशांच्याच ताब्यात होता, हे सरकारने मान्य करावे आणि त्यांना भरपाई देणारा कायदा आणावा, असा ठराव त्यांनी मांडला, आणि फेब्रुवारी 1975 मध्ये सिनेटने तो एकमताने संमत केला. ही भूमी कोणाचीच नव्हती, ही कल्पना तेथील ‘हायकोर्ट’ने, म्हणजे त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने, मूळ रहिवाशांच्या जमीनहक्कांच्या माबो खटल्यात 1992 साली नाकारली. म्हणजे सभागृहाने मान्य केलेले सत्य न्यायालयापर्यंत पोहोचायला सतरा वर्षे लागली.

बॉनर लिबरल पक्षाचे होते, तरी विवेकाला पटले नाही तेव्हा त्यांनी अनेकदा पक्षाविरुद्ध मतदान केले. 1983 मध्ये पक्षाने त्यांना उमेदवार यादीत खाली ढकलले, तेव्हा ते अपक्ष लढले आणि थोडक्यात हरले. याचे मला मनापासून वाईट वाटते.

आपल्या विधान परिषदेत 78 सदस्य आहेत. त्यांच्यापैकी कोण कोणत्या विषयावर काय बोलले, हे अधिवेशनकाळात आपल्या दैनिकाने गोंधळाच्या बातमीइतक्याच जागेत छापावे, ही विनंती.

– एक वाचक, पुणे