बैलाचे दात बघता, मग गाडीचं पासिंग का नाही बघत?

मा. संपादक साहेब,

स.न.वि.वि. आखाजी (अक्षय्य तृतीया) तोंडावर आलीय म्हणून हे पत्र लिहितोय, जमलं तर आखाजीच्या आधीच छापा. आपल्याकडे या दिवसांत जुन्या चारचाकी गाड्यांची खरेदी फार होते, कापसाचे केळीचे पैसे हातात आलेले असतात, लेकी माहेरी आलेल्या असतात आणि घरातली पोरं म्हणतात की आता दारात गाडी पाहिजेच. गाडी घ्यावी, काही हरकत नाही. पण ती ज्या पद्धतीने घेतली जाते ते बघून माझा जीव तुटतो.

मी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालोय, आयुष्य गाडीखाली गेलं. एसटीची बस दरवर्षी पासिंगला, म्हणजे आरटीओच्या तपासणीला, न्यायची तर आम्ही आठ दिवस आधीपासून ब्रेक, स्टेअरिंग, कमानपाटे, लाईट सगळं उघडून बघायचो. प्रायव्हेट कारचं तसं नाहीये हे बऱ्याच लोकांना माहितीच नसतं. नवीन कारची नोंदणी एकदम १५ वर्षांसाठी होते आणि त्या १५ वर्षांत पीयूसी सोडली तर सरकारचा कोणी माणूस त्या गाडीखाली वाकून बघत नाही, आणि पीयूसीत फक्त धूर तपासतात, ब्रेक नाही की चासी (गाडीचा सांगाडा) नाही. म्हणजे १३-१४ वर्षांची गाडी तुम्ही घेता तेव्हा तिची खरी तपासणी एकदाही झालेली नसते, ती व्हायची असते आणि ती तुमच्याच गळ्यात पडते.

माझ्या पुतण्याचं हेच झालं. २०२४ च्या आखाजीला त्याने एका एजंटकडून एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर पासिंगची छोटी कार घेतली, एक लाख साठ हजारात, मीटरवर ५८ हजार किलोमीटर, रंग चकाचक, सीटकव्हर नवीन. एजंट म्हणे टेन्शन लेऊ नका भाऊ, घरनी गाडी शे. नोंदणी फेब्रुवारी २०१० ची होती, म्हणजे फेब्रुवारी २०२५ ला मुदत संपणार, हे आरसीवर स्वच्छ छापलेलं होतं पण कोणी वाचलंच नाही. पुढे २०२५ च्या जूनमध्ये धुळ्याकडे जाताना पोलिसांनी अडवलं तेव्हा कळलं की गाडीची नोंदणीच संपलीय. मग री-पासिंगची, म्हणजे परत तपासणी करून नोंदणी वाढवायची धावपळ, त्याची फी ५००० रुपये, उशिराचे महिन्याला ५०० रुपये दंड, वरून पर्यावरण कर. आणि एवढं करून इन्स्पेक्टरने गाडी परत पाठवली कारण चासी नंबर गंजून वाचता येत नव्हता आणि ब्रेक एका बाजूला ओढत होते. इन्स्पेक्टरचं काही चुकलं नाही, मी त्याच्या जागी असतो तर मीही परत पाठवली असती.

तेव्हा गाडी माझ्याकडे आली. मी पहिल्यांदा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला, तर वरचा भाग स्वच्छ आणि आत जो गुंडाळलेला राहतो तिथे चिखलाची तपकिरी रेघ. कार्पेट उचललं, खाली पिठासारखी बारीक गाळाची माती, सीटचे बोल्ट लाल गंजलेले. मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो, आरसी आता पुतण्याच्या नावावर असल्यामुळे त्यांनी जुनी हिस्ट्री काढून दिली. शेवटची नोंद जुलै २०१९ ची, किलोमीटर १ लाख १२ हजार, त्यानंतर काहीच नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला पंचगंगा आणि कृष्णेचा केवढा महापूर आला होता ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. गाडी पुरात बुडालेली, मीटर निम्म्याने मागे केलेलं, आणि ते सगळं कागदावर पडून होतं, फक्त पैसे द्यायच्या आधी कोणी मागितलं नाही. दुरुस्तीला ४७ हजार गेले आणि तरी वायरिंग अजून त्रास देतंच आहे. पोराने ते पैसे ठिबकसाठी बाजूला ठेवले होते.

आपण खान्देशातली माणसं बैलबाजारात गेलो तर काय करतो, तोंड उघडून दात बघतो, दोनदाती का चारदाती का जुळलेला, चालवून बघतो, खांदा बघतो, सारंगखेड्याला घोडा घेणारा माणूस अंगावरचे भोवरे मोजतो. आणि कारच्या बाबतीत फक्त रंग आणि एसी बघून टोकन देऊन मोकळे होतो.

म्हणून कळकळीने सांगतो, टोकन द्यायच्या आधी गाडीचा नंबर मागा. परिवहनच्या सरकारी साईटवर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर तो टाकला की नोंदणीची तारीख, मुदत कधीपर्यंत आहे, विमा, पीयूसी, बँकेचा बोजा आहे का हे घरबसल्या दिसतं. मुदत वर्षभरात संपणारी असेल तर विकणाऱ्याला सरळ सांगा की आधी पासिंग करून दे मग पैसे घे, मुदत संपायच्या ६० दिवस आधी अर्ज करता येतो. आधीच री-पासिंग झालेली गाडी असेल तर पुढची पाच वर्षं मिळालेली असतात आणि निदान एकदा तरी कोणीतरी तिला तपासलंय, माझ्या मते अशी गाडी दहा हजार जास्त देऊन घेतलेली परवडते. चासी नंबर आरसीशी स्वतः वाकून जुळवा, फोटोवर विश्वास ठेवू नका. सर्व्हिस हिस्ट्री मूळ मालकाला काढायला लावा, तो टाळाटाळ करत असेल तर तेच उत्तर समजा.

आणि जुन्या विम्याची पॉलिसी बघा, ही गोष्ट फार कमी लोकांना माहितीय. पॅकेज पॉलिसीवर, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसानही भरून देणाऱ्या विम्यावर, नो क्लेम बोनस (भरपाई न मागितल्याबद्दलची सूट) लिहिलेला असतो, २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत. एकाच मालकाकडे गाडी सात-आठ वर्षं आहे, विमा कधी तुटला नाही आणि बोनस मात्र शून्य किंवा २०, तर मधे क्लेम घेतलाय, मग कशाचा घेतला ते विचारा. फक्त हा बोनस मालकाचा असतो गाडीचा नाही, त्यामुळे मालक नुकताच बदलला असेल तर शून्यच दिसणार, त्यावरून गाडीला नावं ठेवू नका. पुतण्याला तर नुसता थर्ड पार्टी विमा दिलेला, म्हणजे फक्त दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा, त्यात हे काही कळतच नाही.

गुजरात, मध्य प्रदेशच्या गाड्या आपल्याकडे बऱ्याच येतात, दिल्लीच्या डिझेल गाड्या पण, कारण तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदीचे आदेश निघाले तेव्हापासून त्या स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या. अशा गाडीची तिकडच्या आरटीओची एनओसी हातात घेतल्याशिवाय आणि इथला टॅक्स किती बसेल ते विचारल्याशिवाय व्यवहार करू नका.

आता सरकारकडे एक मागणी. इंग्लंडमध्ये कार तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी नावाची तपासणी सक्तीची आहे, आणि तिथल्या सरकारी साईटवर नंबर टाकला की कोणालाही फुकटात २००५ पासूनच्या तपासण्या दिसतात, पास का नापास, कशामुळे नापास, आणि त्या दिवशी मीटर किती होतं ते सुद्धा. आपल्याकडे दरवर्षी तपासणी सुरू करा असं मी एकदम म्हणत नाही, तेवढी माणसं आणि जागा आरटीओकडे नाहीत हे दिसतंच. पण पीयूसी तर होतेच ना, जुन्या बीएस-३ (धुराचं सरकारी मानक) गाडीची सहा महिन्यांनी आणि बीएस-४ पासून पुढची वर्षाने, आणि पीयूसीवाला नंबर प्लेटचा फोटो काढून ऑनलाईन चढवतोच. त्याच वेळी मीटरचा एक फोटो काढून तो आकडा त्याच रेकॉर्डला लावा आणि नंबर टाकणाऱ्याला दिसू द्या. पुतण्याची गाडी २०१९ ला १ लाख १२ हजारावर होती हे त्याला टोकन द्यायच्या आधी मोबाईलवर दिसलं असतं.

आपला,
एक निवृत्त एसटी मेकॅनिक,
ता. पारोळा, जि. जळगाव